नर्मदेच्या फुगवट्यात ओढता गळ: लहान डिझेल नावेवरून मासा धरण्याची पद्धत

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या उत्तर कडेला नर्मदा आता नदीसारखी वाहत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने सातपुड्याच्या दऱ्या भरल्या आहेत, जिल्ह्यातील ३३ गावे या बुडिताने बाधित झाली आहेत, आणि धरण १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोहोचते तेव्हा पाणी नाल्यानाल्यांतून डोंगरांच्या आत पार शिरते. अशा लांबट, खोल आणि तीव्र उताराच्या काठांच्या पाण्यात एका जागी बसून गळ टाकणाऱ्याला मासा आपल्याकडे येण्याची वाट पाहावी लागते. चालत्या नावेमागे आमिष ओढत नेले, तर एका सकाळी आठ-दहा किलोमीटर काठ तपासून होतो. या पद्धतीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. आमच्याकडे आम्ही तिला ओढता गळ म्हणतो.

या पद्धतीत मासा मिळतो तो नावेचा वेग आणि आमिषाची खोली या दोन गोष्टींवर. आमिषाचा रंग, रॉडची किंमत, रिळाचा देश हे सारे त्यानंतरचे आहे. म्हणून पुढील मजकुराचा मोठा भाग या दोन गोष्टींनाच दिला आहे.

सरोवरातील सॅमनकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये

ओढत्या गळाची आजची विद्या मुख्यतः थंड देशांतील सरोवरांवर वाढली. अमेरिकेच्या मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक जातीचे सॅमन पंचमहासरोवरांच्या पाण्यात सोडले आणि पुढच्या काही वर्षांत तिथे लहान नावांवरून सॅमन धरण्याचे मोठे शास्त्र उभे राहिले. स्वीडनमधील व्हेनर्न आणि फिनलंडमधील साइमा या सरोवरांत तर समुद्राकडे न जाता गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारे सॅमन आहेत. या माशाला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की तो खालच्या थंड थरात उतरतो, आणि त्या थरात प्राणवायू भरपूर असल्यामुळे तिथे सुखाने राहतो. त्याला गाठण्यासाठी पोलादी तारेला चार-पाच किलोंचा गोळा बांधून खाली सोडतात, गळाची दोरी चिमट्याने त्या तारेला अडकवतात, आणि मासा लागताच दोरी चिमट्यातून सुटते.

हे वाचून आपल्याकडील कोणी तसाच गोळा करून घेतला आणि एप्रिलच्या उन्हात आमिष पंचवीस मीटर खाली ओढू लागला, तर त्याचा दिवस वाया जाईल. आपले पाणी हिवाळ्यातही सॅमनला परवडेल इतके थंड होत नाही. शिवाय खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचा तापलेला थर आणि खालचा थर एकमेकांत मिसळेनासे होतात. बुडालेल्या जंगलाचा पालापाचोळा तळाशी कुजत असतो आणि खालच्या पाण्यातील प्राणवायू संपत जातो. थंड देशात जी खोली माशाचे घर असते, ती आपल्याकडे उन्हाळ्यात बहुधा ओसाड असते. आपला मासा त्या दोन थरांच्या सांध्याच्या वर, काठाच्या उताराला धरून असतो.

हा सांधा शोधण्यासाठी यंत्र लागत नाही. एका जाड काचेच्या बाटलीला खाली शिसे बांधावे, तोंडाला बूच घट्ट बसवावे, बाटलीला एक दोरी आणि बुचाला दुसरी सैल दोरी बांधावी. बाटली सहा मीटरवर सोडून बुचाच्या दोरीला झटका द्यावा. पृष्ठभागावर बुडबुडे येऊन थांबले की बाटली भरभर वर ओढून तिच्यात तापमापक बुडवावा. असेच आठ, दहा, बारा मीटरवर करावे. जिथे थोड्याच अंतरात तापमान एकदम उतरते तिथे सांधा. त्याखालच्या बाटलीतील पाण्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास आला, तर तिथे मासा राहत नाही हे निश्चित समजावे आणि त्या खोलीचा विचार सोडून द्यावा. डिसेंबर-जानेवारीत थर मोडून पाणी एकजीव होते, तेव्हा ही कसोटी फारशी उपयोगाची राहत नाही.

निघण्यापूर्वी

जलाशयातील मासेमारीचे हक्क असतात आणि ते ठेक्याने किंवा सहकारी संस्थांकडे दिलेले असतात. ज्यांची शेते या पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे आज याच पाण्यावर मासेमारी करतात. म्हणून आधी स्थानिक मच्छीमार संस्थेला आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला विचारावे, परवानगी लेखी घ्यावी. यंत्रावर चालणाऱ्या नावेची नोंदणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे आवश्यक आहे. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांजवळ जाऊ नये. भुसावळजवळच्या हतनूरला, जिथे तापीवर ४१ दरवाजे आहेत, हा नियम जिवाशी निगडित आहे. हतनूरचा जलाशय उथळ आणि गाळाने भरत आलेला आहे, हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात, आणि एकंदरीत ते पाणी ओढत्या गळासाठी योग्य नाही.

पावसाळ्यात नाव काढूच नये. वरच्या बाजूला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणे आहेत, त्यांच्या विसर्गाबरोबर फुगवट्यातही ओढ येते आणि लाकूडफाटा वाहत येतो. हाच माशांचा अंडी घालण्याचाही काळ आहे. पाणी निवळते ते ऑक्टोबरच्या मध्यानंतर, आणि तिथून मेपर्यंतचा काळ आपला. उन्हाळ्यात पातळी उतरू लागली की बुडालेल्या झाडांचे शेंडे पाण्याच्या अगदी खाली येतात. दर पंधरवड्याला काठावरील ओलीची खूण पाहून पाणी किती उतरले याचा अंदाज घ्यावा. गेल्या खेपेला सुरक्षित असलेली वाट या खेपेला सुरक्षित असेलच असे नाही.

नाव आणि इंजिन

पाच ते सात मीटर लांबीची, रुंद तळाची नाव पुरते. केळीच्या पट्ट्यात विहिरींवर विजेचे पंप येण्याआधी जे पाच अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन असे, त्याच जातीचे इंजिन लहान नावांवर बसवलेले आढळते. ते मिनिटाला १५०० फेऱ्यांसाठी बांधलेले असते आणि पूर्ण भारावर ताशी साधारण एक लिटर डिझेल खाते. डिझेलचा हिशेब तीन भागांत करावा: एक भाग जाण्याचा, एक येण्याचा, एक हात न लावण्याचा.

पाण्यात इंजिन बंद पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरणे. टाकीत डिझेल कमी असेल आणि नाव लाटेवर डुलली, तर नळीचे तोंड क्षणभर उघडे पडते आणि इंजिन दोन-चार आचके देऊन थांबते. अशा वेळी हँडल मारत बसण्यात दम घालवू नये. टाकी भरावी, फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू पान्याने अर्धा फेरा सैल करावा, तिथून आधी फेस आणि मग बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. नंतर डिझेलच्या पंपापाशीही हेच करावे. हे काम एकदा घरी, अंगणात, कोरड्या हातांनी करून पाहिलेले असावे. सांडणारे डिझेल टिपण्यासाठी इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे आणि बाजूला चिंध्या ठेवाव्यात. काठच्या पाड्यांवर हेच पाणी पितात. त्यावर तेलाचा तवंग सोडणे हा अपराध आहे.

वेग: सगळ्यात अवघड भाग

ओढत्या गळाला ताशी तीन ते साडेचार किलोमीटरचा वेग लागतो. सॅमनसाठीही साधारण एवढाच किंवा थोडा अधिक वेग ठेवतात. माणसाच्या रमतगमत चालीपेक्षा तो जास्त नाही, आणि नेमके हेच डिझेल इंजिनाला जमत नाही. अगदी कमी फेऱ्यांवर ठेवले तरी ते हलकी नाव सहा-सात किलोमीटरच्या वेगाने पुढे रेटते, आणि त्या वेगाला बहुतेक आमिषे आडवी होऊन फिरू लागतात, दोरीला पीळ पडतो, मासा बाजूला होतो.

आधी वेग मोजायला शिकावे. मोबाइलवरचा वेग जमिनीच्या संदर्भातला असतो. पाण्याला ओढ असेल तर तो फसवतो, कारण आमिष जाणते तो पाण्यातला वेग. जुना उपाय उत्तम आहे. नावेच्या टोकाशी एक लाकडाची ढलपी पाण्यात टाकावी आणि ती मागच्या टोकापर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजावे. सहा मीटरच्या नावेला सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३.६ किलोमीटर, पाच सेकंद लागले तर ४.३, आठ लागले तर २.७. असे चार-पाच वेळा मोजून त्या वेगाला इंजिनाचा आवाज कसा येतो ते कानात साठवावे. मला नाव चालवायला शिकवणारे काका एकच सांगत, "भाऊ, काठाकडे पाहू नका, इंजिन ऐका." काठ जवळ असला की वेग जास्त वाटतो आणि दूर असला की कमी; इंजिनाचा ठेका मात्र तोच राहतो.

वेग कमी करण्यासाठी पाण्यात ओझे ओढावे. पंधरा लिटरच्या दोन जाड प्लास्टिकच्या बादल्या घ्याव्यात, प्रत्येकीच्या तळाला अंगठ्याएवढी चार भोके पाडावीत, कडीच्या तारेऐवजी चार ठिकाणांहून दोरी घेऊन ती एका गाठीत आणावी म्हणजे बादली तोंड पुढे करून सरळ चालेल, आणि नावेच्या दोन्ही अंगांना मध्यभागी एकेक बांधावी. एकच बादली लावली तर नाव सारखी त्या अंगाला वळते. बादलीची दोरी इतकी आखूड असली पाहिजे की बादली पूर्ण मागे गेली तरी नाव ढकलणाऱ्या पंख्यापासून हातभर अलीकडेच राहील. पहिल्या वर्षी मी हे मापले नव्हते. दुपारच्या वाऱ्यात नाव वळवताना दोरी पंख्यात गेली, इंजिन जागीच अडकले, आणि वारा आम्हांला सुकलेल्या सागांच्या शेंड्यांकडे लोटत असताना मी जवळजवळ तासभर नावेच्या मागे ओणवा होऊन सुरीने नायलॉनचे वेढे कापत होतो. तेव्हापासून बादली बांधण्याआधी दोरी पंख्याच्या दिशेने ताणून पाहिल्याशिवाय मी काठ सोडत नाही, आणि वल्ही घेतल्याशिवायही नाही.

बादल्यांचा दुसरा फायदा इंजिनाला होतो. डिझेल इंजिन तासन्‌तास भाराशिवाय रेंगाळत ठेवले, तर ते पुरेसे तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमध्ये काळा चिकट थर बसतो. बादल्यांमुळे त्याला थोडा भार मिळतो. तरीही दर अर्ध्या तासाने गळ आत घेऊन, बादल्या उचलून, पाच मिनिटे नाव जोरात चालवावी; एक पट्टा संपवून दुसऱ्याकडे जाण्यासाठी तसेही ते करावेच लागते.

गळ, तंगूस आणि खोली

दोन रॉड पुरेत. एकट्याने तीन सांभाळता येत नाहीत. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बारा ते चौदा किलो ताकदीचे असावे आणि त्यावर दर दहा मीटरला रंगीत दोऱ्याची बारीक गाठ असावी, पहिल्या दहाला एक, विसाला दोन, तिसाला तीन, म्हणजे अंधुक उजेडातही बोटांना किती लांबी बाहेर गेली ते कळते. रिळाचा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे साडेतीन-चार किलोंवर, ताणकाट्याने मोजून ठेवावा. हाताच्या अंदाजाने लावलेला ब्रेक बहुधा जास्त घट्ट असतो.

आमिष म्हणून पुढे जीभ असलेला लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा उत्तम. ओढला की तो आपणहून खाली जातो आणि डुलतो. चमचा, म्हणजे चमकत्या पत्र्याचे आमिष, तोही चालतो, पण त्याच्या पुढे भिंगरी, म्हणजे फिरती कडी, लावलीच पाहिजे, नाहीतर तंगुसाला पीळ पडतो. शिवडा या शिकारी माशासाठी आमिषापुढे वीतभर तार हवी, कारण त्याचे दात तंगूस कापतात. तिहेरी गळ काढून मोठा एकेरी गळ लावावा: तो झाडांत कमी अडकतो आणि सोडायचा मासा कमी जखमी होतो.

आता खोली. डब्यावर छापलेल्या खोलीवर विसंबू नये, कारण ती तंगुसाच्या जाडीप्रमाणे आणि लांबीप्रमाणे बदलते. झाडे नसलेला, मातीचा, हळूहळू उतरत जाणारा काठ शोधावा. बुडालेल्या शेतांचे उतार असे असतात. शिसे बांधलेल्या दोरीने चार मीटर खोलीची रेषा शोधून तिथे काठाला समांतर नाव चालवावी आणि तंगूस हळूहळू सोडत जावे. ज्या लांबीला आमिष तळाला लागते, त्या लांबीला रॉडचे टोक थरथर थांबवून ठक-ठक हलू लागते. ती लांबी वहीत लिहावी. मग पाच मीटरच्या रेषेवर हेच करावे. अशा दोन सकाळी घालवल्या की प्रत्येक आमिषाचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि पुढची कित्येक वर्षे तो विकत घेतलेल्या कुठल्याही साधनापेक्षा जास्त कामी येतो. माझ्या मते नवशिक्याने पहिल्या दोन फेऱ्यांत मासा धरण्याचा विचारच करू नये. केवळ हा तक्ता करावा.

जीभ नसलेल्या आमिषाला खाली नेण्यासाठी पुढे शिसे लावतात. तिथे ढोबळ हिशेब असा: तंगूस पाण्याशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर आमिष बाहेर गेलेल्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीवर आहे. वेग वाढला की कोन लहान होतो आणि आमिष वर येते.

कुठून आणि कसे ओढावे

पहाटे काठाच्या उताराला समांतर, पाण्याची खोली पाच ते दहा मीटर असेल अशा पट्ट्यातून जावे आणि आमिष तळापासून एक-दीड मीटर वर ठेवावे. शिकारी मासा वर पाहून झडप घालतो. त्याच्या खालून गेलेले आमिष बहुधा वाया जाते. नाल्यांची तोंडे, खडकांच्या सोंडा आणि जुन्या रस्त्यांचे बुडालेले बांध या जागा प्रत्येकी तीन-चार वेळा तपासाव्यात. लहान मासळी पाण्यावर उडताना दिसली तर तिच्या मधून नाव नेऊ नये, कडेने वळसा घालावा, कारण डिझेलच्या धडधडीने ती विखुरते. याच कारणाने उथळ पाण्यात आमिष नावेपासून तीस-चाळीस मीटर मागे असावे. खोल पाण्यात वीस-पंचवीस पुरते.

सरळ रेषेत कधीही जाऊ नये. नाव सावकाश नागमोडी चालवली की आतल्या बाजूचे आमिष मंदावते आणि बाहेरच्या बाजूचे वेग घेते. मासा आतल्या रॉडला लागला तर आपण जास्त वेगाने जात होतो, बाहेरच्या रॉडला लागला तर कमी वेगाने. दोन वेळा एकाच बाजूला लागला की त्याप्रमाणे वेग बदलावा.

स्थानिक मच्छीमार संध्याकाळी काठाच्या उताराला जाळी लावतात. रिकाम्या बाटल्यांची किंवा थर्माकोलची रांग दिसली की ती जाळ्याची तरंड समजून दूरून जावे. चुकून आमिष जाळ्यात गेलेच तर जाळे कापू नये, आपले तंगूस कापावे आणि ज्याचे जाळे आहे त्याला जाऊन सांगावे.

मासा लागल्यावर

रॉड वाकताच नाव थांबवण्याची घाई होते, ती आवरावी. चार-पाच सेकंद त्याच वेगाने पुढे जावे म्हणजे गळ नीट रुततो आणि तंगूस ढिले पडत नाही. मग फेऱ्या कमी कराव्यात, दुसऱ्या रॉडचे आमिष आत घ्यावे, बादल्या उचलाव्यात, आणि नाव अशी फिरवावी की मासा अंगाला येईल, मागे पंख्याकडे जाणार नाही. पंखा इंजिनाला थेट जोडलेला असेल तर इथे इंजिन बंदच करावे. हातजाळी आधीच पाण्यात धरून माशाला डोक्याकडून तिच्यात आणावे. शेपटीकडून घातलेली जाळी लागताच तो उसळी मारतो. हात पाण्यात लोंबकळत ठेवू नयेत, कारण या जलाशयात मगरी आहेत.

खडस, म्हणजे महाशीर, लागला तर तो सोडावा. धरणांनी वाहते पाणी अडवल्यामुळे नर्मदेत तो फार कमी झाला आहे, आणि अंडी घालण्यासाठी त्याला वाहते पाणी आणि गोट्यांचा तळच लागतो. त्याला पाण्याबाहेर न काढता चिमट्याने गळ सोडवावा, ओल्या हातांनी पोटाखाली आधार द्यावा, तोंड पुढे करून स्थिर धरावे आणि त्याने आपणहून शेपटी मारेपर्यंत थांबावे. एकदा मी धरलेल्या खडसाच्या कल्ल्यांची उघडझाप आधी उथळ आणि वेडीवाकडी होती, मग ती हळूहळू संथ आणि पूर्ण होत गेली, आणि मग तळव्याला एक दाब जाणवला आणि हात रिकामा झाला. दोन-तीन मिनिटे लागतात, तेवढी द्यावीत.

खाण्यासाठी ठेवायचा मासा लगेच डोक्यावर फटका देऊन मारावा, कल्ले कापून रक्त जाऊ द्यावे आणि ओल्या गोणपाटाखाली किंवा बर्फात ठेवावा. नावेच्या तळात तडफडत, डिझेलच्या पाण्यात लोळत ठेवलेल्या माशाला चव राहत नाही.

परत येताना

उन्हाळ्यात दुपारी दरीतून वारा चढतो, म्हणून अकराच्या आत काठ गाठावा. लाइफ जॅकेट काठ लागेपर्यंत अंगावरून काढू नये. नाव बांधल्यावर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, कारण अर्धवट टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरते आणि ते पुढच्या खेपेला पंपात जाते. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे डिझेल बाटलीत काढावे आणि खाली पाण्याचा थेंब दिसतो का ते उजेडाकडे धरून पाहावे. मग वही उघडावी आणि तारीख, पाण्याची पातळी, तापमान, ढलपीचे सेकंद, बाहेर असलेल्या तंगुसाची लांबी, मासा कोणत्या बाजूच्या रॉडला लागला, हे त्याच दिवशी, हातांचा वास जाण्याआधी लिहून ठेवावे.